टाकी की टेबल

माझ्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला पहिला माणूस मी. हे मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगतो. आजोबा सहीच्या जागी अंगठा उठवायचे, वडील औद्योगिक वसाहतीत हेल्पर होते, आई चौथीपर्यंत शिकलेली. मी बी.एस्सी., रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. वडिलांनी सर्टिफिकेटला काच आणि सोनेरी पट्टी लावून घेतलेली. ठाकुर्लीच्या या वन बीएचकेमध्ये आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतीत पहिला खिळा त्याच्यासाठी गेला, देवांचा नंबर दुसरा. आता त्या सर्टिफिकेटच्या खाली तीन फुटांची माशांची टाकी आहे. आलेला पाहुणा वाकून मासे बघतो. मान वर करायचे कष्ट आजवर कुणी घेतलेले नाहीत.

डोंबिवलीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी अठरा वर्षं तपासणीचं काम करतोय. पाणी, द्रावणं, पावडरी समोर येतात, त्यांच्यात काय चुकलंय ते मी शोधतो आणि कागदावर सही करतो. चूक नेहमी दुसऱ्याची निघते, हा या नोकरीतला मोठा फायदा.

मासे कल्याणच्या एका दुकानातून आणलेले. एंजल, सहा, रुपयाच्या नाण्याएवढे. दुकानदार आठवी नापास. हे त्यानेच सांगितलं, आणि सांगताना त्याला अजिबात वाईट वाटलं नाही, कारण दुकानामागच्या सिमेंटच्या हौदांत त्याची हजारभर पिल्लं फिरत होती.

"साहेब, पाळायला न्या, पण पिल्लांच्या नादाला लागू नका," तो म्हणाला.

"का?"

"लई शिकलेल्या घरात नाय होत पिल्लं. सारखं सारखं बघत बसतात, माशे लाजतात."

मी हसलो आणि पिशवी उचलली. मनात म्हटलं, बघू या कोण लाजतं.

घरी आईने मासे बघितले. आई मूळची कोकणातली, माशांच्या बाबतीत तिला फसवणं अवघड. "ही चिलापीच ना रे?" ती म्हणाली. "अशी चपटी कशी काय?"

मी तिला समजावून सांगितलं की हे एंजल आहेत, हजारो मैलांवरच्या नदीतले, या गटाला सिक्लिड म्हणतात, अंडी-पिल्लं सांभाळण्यासाठी हे मासे प्रसिद्ध आहेत. आणि प्रामाणिकपणे हेही सांगितलं की चिलापी त्याच कुळातली.

"मग बरोबरच ओळखली मी," आई म्हणाली आणि भाजी निवडायला गेली. माझं शिक्षण या घरात साधारण एवढ्या वेळात संपतं.

नऊ-दहा महिन्यांत त्या सहातल्या दोघांनी आपलं आपण जमवलं. पत्रिका नाही, बैठक नाही, मानपान नाही. फक्त बाकीच्या चौघांना एका कोपऱ्यात कोंडून ठोकायला सुरुवात केली. चौघांना मी कल्याणला परत देऊन आलो. मग प्लंबरकडून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा मागून आणला आणि टाकीत उभा ठेवला, कारण एंजलला अंडी घालायला उभी जागा लागते. मेच्या शेवटी मादीने पाइपभर अंडी घातली. साबुदाण्याच्या पाव आकाराची, मधाच्या रंगाची, ओळीने चिकटवलेली. नर तिच्या मागोमाग फिरत होता. मी शेजारच्या दोन घरांत सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर पाइप कोरा.

"ऑम्लेट केलं, बाबा," मुलगी म्हणाली. ती तेव्हा नुकतीच नववीत गेलेली. "दोघांनी मिळून. अर्धं अर्धं."

नवखी जोडी पहिल्या खेपेला अंडी खाते, हे मी वाचलेलं होतं. तसं सगळ्यांना सांगितलंसुद्धा. पण हे ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत बायको नव्हती, कारण तिला त्याच दिवशी माझ्याशी टेबलाबद्दल बोलायचं होतं.

टेबलाचं आधी सांगतो. माझी दहावी-बारावी मी कल्याणच्या एका अभ्यासिकेत केली. आमच्या खोलीत पाच माणसं होती आणि वही ठेवायला जागा म्हणजे पत्र्याची ट्रंक, तीसुद्धा कुणाला साडी नाहीतर शर्ट हवा असेल तर उघडली जायची. तेव्हापासून मी ठरवलेलं की माझ्या मुलीला स्वतःचं टेबल असेल. नुसतं ठरवलं असतं तर ठीक होतं. मी ते गेली दहा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात आणि वर्षश्राद्धात बोलत आलोय. आमच्या नात्यातली लहान मुलंसुद्धा ते पाठ म्हणून दाखवतील.

"पुढच्या वर्षी हिची दहावी," बायको म्हणाली. "टेबल कुठे ठेवायचं?"

मी हॉलमध्ये नजर फिरवली. एका भिंतीला आईचा दिवाण, एका भिंतीला टीव्ही, एका भिंतीला दार आणि खिडकी.

"एकच भिंत आहे," बायको म्हणाली. "आणि तिथे तुमच्या त्या दोघांनी बिऱ्हाड केलंय."

तिने कसलाही वाद घातला नाही. तिला माहीत होतं की टेबलाच्या विरुद्ध मी एक शब्द काढू शकत नाही. मी जर म्हटलं असतं की मुलगी जेवणाच्या पाटावर अभ्यास करील, तर माझ्या दहा वर्षांच्या भाषणांचं काय? म्हणून मी मुदत मागितली.

"दिवाळीपर्यंत," मी म्हटलं. "दिवाळीपर्यंत पिल्लं झाली तर टाकी राहील. नाही झाली तर मी स्वतः कल्याणला पोचवून येतो."

"पिल्लं झाली म्हणजे काय? अंडी दाखवून जिंकलो म्हणाल."

"पोहणारी पिल्लं. डोळ्यांनी दिसणारी."

"मला दिसणारी," बायको म्हणाली. तिचा चष्मा आठवून मी घाबरलो. तो लांबचा आहे, जवळचं तिला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं, हे मी तेव्हा विसरलो होतो.

जुलैत दुसरी अंडी आली. या वेळी मी आईबापांवर भरवसा ठेवणार नव्हतो. तो अशिक्षितपणा झाला असता. मी पाइप उचलून वेगळ्या टबात ठेवला, हवेचा पंप लावला, बुरशी लागू नये म्हणून मेथिलिन ब्लूचे मोजून थेंब टाकले. लॅबमध्ये वापरतो तसा ड्रॉपर, तसंच वहीत निरीक्षण, वेळेसकट. टबासाठी पाणी स्वयंपाकघरातल्या निळ्या पिंपातलं घेतलं. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी तासभर सोडतात, ते पिंपात भरून ठेवतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांना चालत नाही, ते दोन दिवस ठेवून उडवावं लागतं. आमच्या पिंपातलं पाणी नेहमी दोन दिवसांचं शिळं असायचं. शिवाय ऐन पावसाळ्यातही इतकं नितळ की तळाशी कंपनीने उमटवलेली अक्षरं वाचता यायची. मुलीला मी ते मुद्दाम दाखवलं. म्हटलं, पाणी असावं तर असं.

तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी. एकही फुटलं नाही. घरातली तीन भांडी पुसायची फडकी, माझी दोन बोटं आणि बायकोचा एक चांगला टॉप मात्र निळा झाला.

ऑगस्टमध्ये तिसरी खेप. या वेळी थोडी अंडी फुटली. शेपटी हलवणारे, पाइपला लोंबणारे बारीक केस. मी पुढची तयारी केली. पिल्लं पोहायला लागली की त्यांना आर्टेमिया लागतो, म्हणजे मिठाच्या पाण्यातले धुळीएवढे किडे. त्याची अंडी कॉफीच्या भुकटीसारखी डबीत मिळतात. कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगून, मिठाचं पाणी घालून, आत हवा सोडली की दिवसभरात किडे निघतात. बाटली टांगायला जागा एकच होती, मिक्सरच्या वर. बायकोने दोन दिवस चटणी केली नाही. पण ते किडे खायला कुणी उरलंच नाही. पोहायच्या दिवशी सगळी पिल्लं टबाच्या तळाशी पडली होती, पीठ सांडल्यासारखी.

"गेली?" आईने दिवाणावरून विचारलं.

"गेली."

"सगळी?"

मी टब उचलून मोरीत ओतला. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली. आई दिवसभर टाकीसमोर बसायची, हे इथे सांगायला हवं. सीरियलपेक्षा बरं म्हणायची. नर पाइपभोवती घिरट्या घालायला लागला की ती बायकोला हाक मारायची, "अगं, ये ये, हा बघ कसा पंख मारून वारा घालतोय." तिची चार बाळंतपणं झाली, त्यातली दोनच आम्ही राहिलो. त्याबद्दल ती कधी बोलत नाही, आणि मीही इथे यापेक्षा जास्त बोलणार नाही.

कल्याणला गेलो. दुकानदाराने माझी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नीट बघितली.

"अक्षर छान आहे," तो म्हणाला.

"पिल्लं का मरतात ते सांग."

"पाणी."

"पाणी मी तपासलंय. नळाखाली बाटली धरून लॅबमध्ये नेलं. पीएच सात. एकदम मधोमध."

"मग माझ्याकडं कशाला आलात, साहेब? लॅबमध्येच पिल्लं काढा. नाय तर जोडी मला द्या. जोडी चांगली आहे. तुमच्या घरात बरकत नाय तिला."

सप्टेंबरमध्ये चौथी खेप तशीच पांढरी झाली. बायको त्या आठवड्यात सुताराला घेऊन आली. त्याने टाकीच्या मागची भिंत मापली, टाकी न हलवता, टेप माशांच्या डोक्यावरून नेऊन. चार फूट दोन इंच. "दिवाळीआधी होईल," तो म्हणाला. कुणीतरी घरात मेल्यासारखं मी त्याला पाणी विचारलं.

आता एकच गोष्ट उरलेली होती. चूक दुसऱ्याची होती, ती फक्त सिद्ध करायची होती. मी पाणी खात्याकडे तक्रार केली. दोन पानी, सहा मुद्दे. पाण्यात क्लोरीनचं प्रमाण अनियमित असावं, जुन्या पाइपांतून जड धातू उतरत असावेत, आणि सजीवांच्या तीन पिढ्या नष्ट झाल्या असून याची जबाबदारी निश्चित करावी. कुठल्या सजीवांच्या ते मी जरा उशिरा, दुसऱ्या पानावर लिहिलं. सहीच्या खाली बी.एस्सी. (रसायनशास्त्र). सोसायटीच्या सेक्रेटरीने वाचून विचारलं की माणसांच्या पोटदुखीचंही एक वाक्य घालू का. मी म्हटलं नको, आपण खरं तेच लिहायचं.

मला वाटलेलं, उत्तर येणार नाही. दहा दिवसांत माणूस आला. सकाळच्या पाण्याच्या वेळी, खांद्याला पिशवी, हातात माझ्या पत्राची प्रत. निवृत्तीला आलेला असावा. माझी त्या दिवशी दुसरी पाळी होती, मी घरीच होतो. सगळे घरी होते.

"बी.एस्सी. तुम्हीच का?" त्याने दारातच विचारलं.

"हो. का?"

"काही नाही. आमच्या साहेबांनी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. छान लिहिलंय."

त्याने नळाचं पाणी नळीत घेतलं, दोन थेंब टाकले, उजेडाकडे धरलं. क्लोरीन जेवढं असायला हवं तेवढंच. मलाही दाखवलं. मी म्हटलं, आजच्या दिवशी असेल. तो म्हणाला, असेल. मग त्याने विचारलं, "मासे कुठल्या पाण्यात मरतात?"

"पिंपातल्या. त्यात क्लोरीन राहतच नाही, दोन दिवसांचं असतं."

त्याने पिंपाचं झाकण काढलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि आत बघत राहिला. बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं.

"साहेब, हे आमचं पाणी नाही."

"म्हणजे?"

"एवढ्या पावसात आम्ही इतकं स्वच्छ सोडतच नाही. हे नळाचं बघा." त्याने बादलीकडे बोट दाखवलं. बादलीत नेहमीसारखं किंचित मळकट पाणी होतं. "पिण्यालायक आहे, पण रंग असतो पावसात. तुमच्या पिंपात तळ दिसतोय. हे कुणीतरी केलेलं आहे."

आई हात पुसत पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद मी मुलीच्या बक्षीस समारंभात बघितलेला.

"तुरटी फिरवते मी," ती म्हणाली. "रोज."

स्वयंपाकघरात सहा बाय आठ फुटांत आम्ही पाच माणसं उभी होतो आणि पाचही जण पिंपात डोकावत होतो.

"पण पिण्याचं पाणी तर प्युरिफायरचं आहे," मी म्हटलं. प्युरिफायर आला त्या दिवशी तुरटी घरातून निवृत्त झाली, असं मी धरून चाललेलो. विचारलं कधीच नव्हतं.

"पिण्याचं असू दे. साठवणीचं नको स्वच्छ?"

"किती फिरवतेस?"

"आधी दहा वेळा फिरवायचे. जुलैत तुझी अंडी खराब झाली, तेव्हा वीस केलं. मग ती पिल्लं गेली, तेव्हा म्हटलं पाण्यातच काहीतरी घाण असणार. आता खडा आतच सोडून ठेवते, तू कामावरून यायच्या आधी काढते." मग म्हणाली, "तू इतकं मनाला लावून घेत होतास, म्हणून."

माझ्या ऑफिसच्या बॅगेत पीएच कागदाची गुंडाळी असते. रोज वापरतो. मी त्यातला एक तुकडा फाडून पिंपात बुडवला. गेल्या तीन महिन्यांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. कारण पिंपात नळाचंच पाणी असतं, हे मला माहीत होतं, आणि नळाचं पाणी मी तपासलेलं होतं. माहीत असलेली गोष्ट तपासायची नसते, हे मला कुणी शिकवलं कोण जाणे.

कागद केशरी झाला. मुलीने तो डबीवरच्या रंगांच्या पट्टीशी धरला.

"साडेचार, बाबा."

"तुरटी आम्हीपण टाकतो, आजी," पाणी खात्यातला माणूस आईला म्हणाला, अगदी हळू आवाजात. "पण मोजून. नाहीतर पाणी आंबट होतं. मोठे मासे सोसतात, पिल्लांना नाही झेपत."

मोठ्या टाकीत मी आठवड्याला दोनच बादल्या बदलायचो. टब मात्र पूर्ण पिंपाच्या पाण्याचा असायचा. म्हणजे आईबापांना घोटभर आणि पोरांना आंघोळीलाच तुरटी.

"हा सेकंड इयरला होता तेव्हा ह्यानेच सांगितलं," आई त्याला म्हणाली. "घमेल्यात पाणी घेऊन दाखवलं. गाळ कसा गोळा होतो, कसा खाली बसतो. म्हणाला, हंड्यातच कशाला फिरवतेस, सगळ्याच पाण्यात फिरव."

मला ते घमेलं आठवलं. तेव्हा वडीलही शेजारी उकिडवे बसून बघत होते. व्याख्यान चांगलं झालेलं.

त्या माणसाने पिशवीतून फॉर्म काढला. "तक्रार निकाली काढायला कारण लिहावं लागतं," तो म्हणाला. त्याने पेन उघडून माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, मग पुन्हा फॉर्मकडे. "'ग्राहकाकडील अंतर्गत कारण' लिहितो. चालेल? इथे सही करा. खाली बी.एस्सी. लिहायचं असेल तर जागा आहे."

मी नुसती सही केली. बायकोने त्याला चहा दिला आणि वर बेसनाचा लाडू दिला, जो माझ्यासाठी झाकून ठेवलेला.

तो गेल्यावर घरात सगळ्यांनी हसून घेतलं असतं तर बरं झालं असतं. पण आई दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. जेवायला उठली नाही. मुलगी उठवायला गेली तर म्हणाली, "म्हणजे मीच मारली."

मी तिच्याजवळ जाऊन बसलो. काय बोलायचं ते मला येत नाही, तपासणीच्या रिपोर्टात अशी जागा नसते.

"डोस मी सांगितलेला," मी म्हटलं. "आणि वाढवायचा की नाही, ते बघायला मी कधी आलो नाही. तू माझंच ऐकलंस."

"तू तरी किती वर्षांनी बोलतोयस."

"हो."

ती उठून बसली. पदराच्या गाठीतून तुरटीचा खडा काढून माझ्या हातात ठेवला, अजून ओला होता. "घे," ती म्हणाली. "दाढीला वापर. नाहीतरी रोज कापून घेतोस." मग जेवली.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मादीने पुन्हा पाइप साफ करायला घेतला. दिवाळीला तीन-साडेतीन आठवडे होते, म्हणजे ही शेवटची खेप. मधल्या दिवसांत मी टाकीतलं पाणी थोडं थोडं करून बदललेलं, बाल्कनीत उघड्या बादल्यांत ठेवलेलं, कागदाने रोज तपासलेलं. प्रश्न एवढाच होता की अंडी टबात काढायची की आईबापांकडे ठेवायची. मी वही उघडून दोन्हींचे फायदे-तोटे लिहायला बसलो.

"राहू दे त्यांच्याकडे," आई म्हणाली. "चिलापी पोरं तोंडात धरून फिरवते. ह्यांनाही काहीतरी येत असेल."

"पहिली खाल्ली होती."

"तेव्हा नवीन होती. मी पण तुझ्या वेळेला रडायचे, तू तर चौथा."

कल्याणला फोन केला. दुकानदार म्हणाला, "आजी बरोबर बोलतात. तुम्ही फक्त हात मागं बांधून बसा, जमेल तर."

बसलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम. लॅबमध्ये आठ तास हात चालतात, इथे काही करायचंच नव्हतं. अंडी फुटली. पिल्लं पाइपला लोंबू लागली. मग आईबापांनी ती एकेक करून तोंडात घेतली. बायको किंचाळायच्या बेतात होती, पण त्यांनी ती टाकीतल्या झाडाच्या पानावर नेऊन थुंकली, मग तिथून पुन्हा पाइपवर. एखादं खाली घसरलं की नर खाली जाऊन ते उचलायचा आणि परत घोळक्यात सोडायचा. आई म्हणाली, हा बाप बरा आहे. कुणाच्या तुलनेत, ते तिने सांगितलं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी पिल्लं सुटी पोहायला लागली. मिक्सरवरची बाटली पुन्हा चालू झाली. या वेळी बायकोने तक्रार केली नाही, कारण तिला वाटलेलं की यावेळीही दोनच दिवस लागतील. दिवसातून तीनदा फडक्यातून गाळलेले किडे टाकायचे, मग पिल्लांची पोटं केशरी दिसायची. पहिल्या आठवड्यात काही गेली. दुसऱ्या आठवड्यात नाही. त्यांच्या अंगावर वर आणि खाली पंखांचे कोंब फुटले आणि ती अचानक एंजलसारखी दिसायला लागली, नखाएवढी.

वसुबारसेच्या दिवशी बायको स्टूल घेऊन टाकीसमोर बसली. चष्मा घालून बघितलं, काढून बघितलं. मग मुलीला शेजारी बसवून मोजायला लावलं. पिल्लं एका जागी थांबत नसल्यामुळे एकदा एकतीस आली, एकदा सव्वीस, एकदा चव्वेचाळीस.

"अंदाजे तीस धर," मी म्हटलं.

"लॅबमध्ये अंदाजे लिहिता?" बायको म्हणाली. तिने आणखी पाच मिनिटं बघितलं. एक पिल्लू काचेला लागून तिच्या नाकासमोर आलं. तिने बोट लावलं, ते बोटामागे आलं. बायकोने बोट दुसऱ्या बाजूला नेलं, ते तिथेही आलं. मग ती स्टूल उचलून उठली.

"जिंकलात. टाकी राहिली."

मी सर्टिफिकेटकडे बघितलं नाही, इतका मी शहाणा आहे. "आणि टेबल?" मी विचारलं.

"टेबल उद्या येतंय. बेडरूममध्ये."

"बेडरूममध्ये जागा कुठे आहे?"

"पलंग काढला की आहे. माप बरोबर बसतं, सुताराने बघितलंय. पलंग माझी बहीण न्यायला तयार आहे. आम्ही दोघी गादी घालून झोपू."

"आणि मी?"

"तुम्ही जिंकलात ना?" बायको म्हणाली. "मग राहा की तुमच्या पिल्लांजवळ."

टेबल चांगलं झालंय. चार फूट दोन इंच, दोन खण, कोपऱ्याला दिवा. मुलीने पहिल्याच संध्याकाळी पुस्तकं रचली, खणाला किल्ली लावली आणि दार लोटून घेतलं. मी दाराबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. आत पान उलटल्याचा आवाज येत होता. मला तो पुरेसा होता, नातेवाइकांत त्याचं वर्णन करायला मी अजून थांबलोय.

हॉलमध्ये आता साधारण तीस पिल्लं, त्यांचे आईबाप, माझी आई आणि मी असे राहतो. आई दिवाणावर, मी खाली गादीवर. परवापासून मादीने पुन्हा पाइप घासायला घेतलाय, आणि एवढी पिल्लं मोठी झाली की या टाकीत मावणार नाहीत, दुसरी आणावी लागेल. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. बेडरूममधून आता काढण्यासारखं एकच कपाट उरलंय, आणि त्यात माझे कपडे आहेत.